विद्यापीठातले डिजिटल प्रकल्प आणि सहाय्य कार्यालय: कामाची घडी कशी बसवावी?

शाईपेन (धागाकर्ती)

डिजिटल प्रकल्पांना मदत करणारं एक छोटं कार्यालय बऱ्याच विद्यापीठांत असतं. कधी ते ग्रंथालयात असतं, कधी संगणक विभागात, तर कधी संशोधन विभागाखाली. माणसं तीन-चार, कामं मात्र नाना तऱ्हेची: जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग, मौखिक इतिहासाच्या मुलाखती, नकाशे, कोश, सर्वेक्षणाचे डेटाबेस, ऑनलाइन प्रदर्शनं. प्राध्यापकांना आपला विषय पक्का माहीत असतो. वेळापत्रक, फाइली, सर्व्हर, हक्क, हस्तांतरण या बाजू कुणीतरी धरून ठेवाव्या लागतात, आणि ते काम या कार्यालयाकडे येतं.

पहिल्या भेटीत काय विचारायचं, काम किती पडेल हे कसं ठरवायचं, कोणतं साधन वापरायचं, फाइली कुणाच्या खात्यावर ठेवायच्या, विद्यार्थ्यांकडून काम कसं घ्यायचं, आणि पैसे संपल्यावर साइटचं काय करायचं, यावर जाणकारांनी लिहावं अशी विनंती. मोघम सल्ले नकोत. फॉर्ममधला प्रश्न, तक्त्यातला रकाना, आकडा इतक्या बारकाव्याने लिहिलंत तर धागा पुढेही कामाला येईल.

उंबरठा

पहिल्या भेटीवर लिहिते, कारण पुढची बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात.

मागणी साधारण "आम्हाला वेबसाइट करायची आहे" अशी येते. वेबसाइटचं बोलणं बाजूला ठेवून आधी साहित्याबद्दल विचारायचं. काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय, कोणत्या अवस्थेत आहे. यासाठी एकपानी फॉर्म पुरतो, पण तो ईमेलने पाठवून भरून मागवू नये. समोर बसून तास-पाऊण तासात भरावा. साहित्य भौतिक असेल तर ती भेट साहित्य जिथे आहे तिथेच घ्यावी. "दोन हजार कागद" असं सांगितलेल्या पेटीत घडी घातलेले नकाशे निघतात, टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात, काही पानं इतकी पातळ की मागचा मजकूर पुढे दिसतो. नकाशा ए३ स्कॅनरच्या काचेवर मावत नाही, त्याला वरून फोटो घेण्याची व्यवस्था लागते. पातळ पानाच्या मागे काळा कागद ठेवावा लागतो. एवढ्यानेच वेळ आणि खर्च बदलतो, आणि बघितल्याशिवाय ते कळत नाही.

फॉर्ममध्ये हे प्रश्न हवेतच: साहित्याचे हक्क कुणाकडे आहेत आणि तसा कागद आहे का? त्यात हयात माणसांची खासगी माहिती आहे का? निधी किती आणि कोणत्या तारखेपर्यंत खर्च व्हायला हवा? कोण माणसं आठवड्याला किती तास देणार? अजिबात हलवता येणार नाही अशी एखादी तारीख आहे का? आणि शेवटचा: पाच वर्षांनी याची जबाबदारी कोणाकडे असेल? हा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो भरेपर्यंत कार्यालयाने सल्ल्यापलीकडे काही कबूल करू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे माणसाचं नाव नको, पद किंवा विभाग हवा.

मदतीच्या तीन पातळ्या ठरवून ठेवाव्यात. सल्ला म्हणजे एक-दोन बैठका आणि लेखी टिपण. साथ म्हणजे एका सत्रापुरते आठवड्याला ठरलेले तास. भागीदारी म्हणजे कार्यालयातला माणूस प्रकल्पाच्या चमूत, त्याचं नाव कागदावर. तीन माणसांच्या कार्यालयाला एका वेळी दोन, फार तर तीन भागीदाऱ्या पेलतात. चौथी घेतली की आधीच्या तिन्ही रखडतात. पातळी पहिल्या आठवड्यातच लेखी कळवावी, नाहीतर सल्ला मागायला आलेला प्रत्येक जण आपल्याला भागीदारी मिळाली असं धरून चालतो.

यानंतर प्रकल्पपत्र. दीड-दोन पानांच्या वर जाऊ देऊ नये. हेतू दोन वाक्यांत, काय तयार होणार, निर्णय कोण घेणार, टप्प्यांच्या तारखा, साहित्य कुठे राहणार. आणि एक रकाना "यात नाही" असा: भाषांतर यात नाही, मोबाइल ॲप यात नाही, वाचकांची लॉगिन खाती यात नाहीत. वाद होतात ते याच ओळींवरून, म्हणून त्या भरपूर वेळ देऊन लिहाव्यात. सही प्राध्यापकांबरोबर विभागप्रमुखांचीही घ्यावी. प्राध्यापक रजेवर गेले किंवा बदलून गेले तरी विभाग बांधील राहतो.

मोजपट्टी

उंबरठा यांनी पाया घातलाच आहे, मी आकड्यांकडे वळतो.

अंदाज कधीही बसल्या जागी काढू नये. ५० ते १०० वस्तूंचा नमुना घ्यावा, तोही वरचे सोपे कागद उचलून नको. वेगवेगळ्या पेट्यांतून सोप्या-अवघड वस्तू घ्याव्यात. त्यांच्यावर सगळ्या पायऱ्या करून बघाव्यात: काढणं, साफ करणं, स्कॅन, नाव देणं, नोंद भरणं (वस्तूचं शीर्षक, कर्ता, तारीख वगैरे माहिती), तपासणं, अपलोड. प्रत्येक पायरीला लागलेली मिनिटं वेगळी लिहावीत. बहुतेक प्रकल्पांत स्कॅनिंगला वाटतं तितका वेळ लागत नाही, नोंदी भरायला फार लागतो.

समजा, नमुन्यात एका नोंदीला ८ मिनिटं लागली आणि नोंदी ६,००० आहेत. ४८,००० मिनिटं म्हणजे ८०० तास. आठवड्याला १० तास देणारे चार विद्यार्थी असतील तर कागदावर २० आठवडे दिसतात. पण परीक्षा, सुट्ट्या, नव्या माणसाला शिकवणं, चुकलेल्या नोंदी परत भरणं हे धरलं की आठवड्याच्या ४० तासांपैकी हातात ३० च उरतात. मग ते २७ आठवडे होतात, म्हणजे एका सत्रात संपणारं काम दोन सत्रांवर जातं. हा हिशेब निधीच्या अर्जाआधी झाला पाहिजे. निधी मिळाल्यावर केला तर तो फक्त वाईट बातमी देतो.

साठवणुकीचंही तसंच. ए४ पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० बिंदू), २४ बिट रंगात, कॉम्प्रेस न करता टिफ या चित्र-फाइलीत ठेवलं तर साधारण ४६ एमबी होतं. ३०० पीपीआयला तेच २६ एमबी, ६०० ला १०४. रिझोल्यूशन दुप्पट केलं की फाइल चौपट होते, हे "सगळं ६०० नेच करूया" म्हणणाऱ्यांना आधी दाखवावं. १२,००० पानं ४०० ला म्हणजे सुमारे ५५० जीबी. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी, हा साधा नियम पाळला तर १.६५ टीबी. वाचकांसाठीच्या जेपेग प्रती त्यामानाने किरकोळ असतात.

आवाजाचं गणित: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला जवळपास १ जीबी, ९६ किलोहर्ट्झला २ जीबी. तिथे जागेची फार चिंता नको, पण लिप्यंतराची, म्हणजे बोलणं लिहून काढण्याची, करावी. एक तासाची मुलाखत उतरवायला सरावलेल्या माणसाला ४ ते ६ तास लागतात. बोली भाषा असेल किंवा दोघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. यंत्राने उतरवलेल्या मजकुराची तपासणी हे वेगळं काम आहे, त्याचे तास वेगळे धरावेत.

पाणंद

वाचतेय. दोन्ही प्रतिसाद फार उपयोगाचे.

एक प्रश्न: कामाचा माग ठेवायला कोणतं साधन घ्यावं? ट्रेलो, असाना, जिरा, रेडमाइन, ओपनप्रोजेक्ट, नुसती शीट. प्रत्येक विभाग वेगळं मागतो.

फळा

@पाणंद, कार्यालयाने एकच साधन निवडावं आणि तेच सगळ्यांना द्यावं. कोणतं, याला दुय्यम महत्त्व आहे. निवडताना तीन गोष्टी बघा: विद्यापीठाच्या लॉगिनने आत जाता येतं का, बाहेरच्या सहकाऱ्याला खातं देता येतं का, आणि सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्ता-फाइलीत) बाहेर काढता येतो का. जिरा सॉफ्टवेअर घडवणाऱ्या चमूंसाठी उत्तम आहे, पण कागदपत्रांच्या प्रकल्पात लोक त्याच्या रकान्यांना कंटाळून ईमेलवर परत जातात. ओपनप्रोजेक्ट आणि रेडमाइन मुक्त स्रोत आहेत, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात, पण मग अपडेट करायला माणूस हवा.

प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघंही उघडतील असा, कामाची कार्डं रकान्यांत लावलेला साधा फळा बहुतेक ठिकाणी पुरतो. रकाने पाच: करायचं, हातात, तपासणीला, अडलेलं, झालं. "अडलेलं" हा रकाना वेगळा ठेवाच. त्याशिवाय अडकलेलं काम "हातात" मध्येच पडून राहतं आणि बैठकीत कळतं की ते महिनाभर हललेलंच नाही.

एक कार्ड कसं असावं ते सांगतो. "मेटाडेटा" (नोंदींतली माहिती) असं नाव असलेलं कार्ड कधीच संपत नाही. "पेटी ३, फोल्डर १ ते १०: नोंदी भरणे" हे संपतं. कार्डावर एकच नाव, दोन नावं टाकली की काम कुणाचंच राहत नाही. खाली झालं कधी म्हणायचं ते एका ओळीत: "२१० नोंदी भरल्या, तारखेचा रकाना रिकामा नाही, दुसऱ्याने २१ तपासल्या." एका माणसाच्या "हातात" रकान्यात एका वेळी तीनच कार्डं. "तपासणीला" रकान्यावरही मर्यादा घालावी, उदाहरणार्थ दहा. तो भरला की नवीन नोंदी थांबवून सगळ्यांनी तपासणीला बसायचं. हे पाळलं नाही तर प्रकल्पाच्या शेवटी हजारो न तपासलेल्या नोंदी एकाच प्राध्यापकांच्या टेबलावर येतात, कारण विषयाची जाण त्यांनाच असते.

सहामाही

फळ्यावर भागत नाही, फळा. निधी देणारी संस्था तारखांवर बोलते. तिला टप्पे आणि त्यांचं एकमेकांवरचं अवलंबित्व दाखवावं लागतं, आणि फळ्यावर ते दिसत नाही. नोंदींचा साचा ठरल्याशिवाय नोंदी सुरू होत नाहीत, नोंदी झाल्याशिवाय त्यांची साइटवर आयात होत नाही, आयात झाल्याशिवाय शोध तपासता येत नाही. ही साखळी गँट तक्त्यावर (ओळींत कामं आणि रकान्यांत आठवडे) एका नजरेत कळते.

तक्ता उलटा भरावा. शेवटच्या तारखेपासून मागे यायचं. अहवालाच्या आधी चार आठवडे कोरे. त्याआधी चाचणी. परीक्षा, प्रवेश आणि मोठ्या सुट्ट्यांचे आठवडे आधीच राखाडी करून ठेवावेत. विद्यापीठाचं वर्ष बारा महिन्यांचं असलं तरी कामाचे आठवडे त्यात बरेच कमी असतात. खरेदीचा टप्पा स्वतंत्र ओळ म्हणून दाखवा. स्कॅनरची मागणी, दरपत्रकं, मंजुरी, पुरवठा, देयक, यात महिने जातात, आणि स्कॅनर येण्याआधी विद्यार्थी नेमले तर त्यांचं मानधन काम नसतानाच खर्च होतं. नेमणुकीच्या आदेशालाही वेळ लागतो, तीही ओळ टाका.

फळा

मान्य. दोन्ही ठेवावेत, पण तक्ता महिन्यातून एकदा कार्यालयाने बदलायचा आणि फळा रोज चमूने. दोन्हीकडे तेच काम दोनदा भरायला लावलं तर दोन्ही जुने पडतात. तक्त्यात १५ ते २० ओळींपेक्षा जास्त नकोत.

दप्तर

फाइलींवर लिहितो, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथे होतं आणि ते परत भरून येत नाही.

पहिली गोष्ट मालकी. प्रकल्पाच्या फाइली कुणाच्याही वैयक्तिक ड्राइव्हवर तयार होऊ देऊ नयेत. विद्यार्थी पदवी घेऊन गेला, त्याचं विद्यापीठाचं खातं बंद झालं, की त्याने बनवलेल्या आणि इतरांबरोबर नुसत्या "शेअर" केलेल्या फाइली त्या खात्याबरोबर जाऊ शकतात. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये किंवा मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट साइटवर फाइल माणसाच्या नावावर नसते, त्या जागेच्या नावावर असते. प्रकल्पपत्रावर सही झाली त्याच दिवशी ही जागा उघडून द्यावी आणि तिचे किमान दोन व्यवस्थापक ठेवावेत, एक कार्यालयातला, एक विभागातला.

दुसरी, नावं. फाइलच्या नावात रोमन छोटी अक्षरं, इंग्रजी अंक, आडवी रेघ किंवा अधोरेघ, एवढंच. मोकळी जागा नको, देवनागरी नको. देवनागरी आजच्या बहुतेक संगणकांवर दिसते, पण झिप करताना, जुन्या सर्व्हरवर किंवा मॅकवरून विंडोजवर जाताना बिघडू शकते. मराठी शीर्षक नोंदीत लिहावं, तिथे ते शोधताही येतं. अंकांना पुढे शून्यं लावावीत, ०००१ पासून, म्हणजे १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागणार नाही. संग्रहाचा संकेत, पेटी, वस्तू, पान असा क्रम ठेवावा. तारीख लागलीच तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. "अंतिम", "अंतिम नवीन", "अंतिम खरं" ही नावं नकोत, आवृत्तीचा क्रमांक लिहावा. आणि फोल्डरात फोल्डर फार खोल नकोत. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमना अजूनही पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो. त्याहून लांब गेला की कॉपी करताना काही फाइली मागे राहतात आणि ढीगभर फाइलींत ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तिसरी, एक्सेल. देवनागरी असलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर पुष्कळदा अक्षरांच्या जागी कचरा दिसतो, कारण एक्सेल तिला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारं कूटलेखन, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत) म्हणून ओळखत नाही. ती "डेटा" मेन्यूतून आयात करावी आणि कूटलेखन यूटीएफ-८ निवडावं. कचरा दिसत असताना सेव्ह करणं हीच खरी दुर्घटना, त्यानंतर मूळ अक्षरं बहुधा परत मिळत नाहीत. शिवाय एक्सेल पुढची शून्यं खातं आणि "३-४" सारख्या पेटी-क्रमांकाची तारीख करून टाकतं. हे इतकं सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होतं. भरण्याआधी रकाना "टेक्स्ट" करून ठेवा. ऐतिहासिक तारखांचा रकाना तर नक्कीच, कारण एक्सेलच्या तारखा १९०० पासून सुरू होतात.

चौथी, पडताळा. मूळ टिफ तयार झाल्याबरोबर प्रत्येकाचा चेकसम (फाइलीवरून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून यादीत ठेवावा, एसएचए-२५६ ही पद्धत चालेल. नंतर प्रत दुसरीकडे नेली की तोच परत काढून जुळवायचा. बॅगइट या पद्धतीत फाइली आणि त्यांची चेकसम-यादी एकाच फोल्डरात बांधली जाते, २०१८ पासून ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आरएफसी ८४९३ म्हणून नोंदली गेलेली आहे. हस्तांतरणाला हीच रीत ठेवा. चेकसम जुळला नाही तर त्या एकाच फाइलची प्रत पुन्हा करायची, सगळं परत हलवायची गरज पडत नाही.

कातरवेळ

दप्तर यांच्या प्रतिसादाला जोडून नोंदींबद्दल. साचा डब्लिन कोर या नोंदींच्या मानकाच्या १५ घटकांवरून सुरू करावा, पण पंधराही भरायलाच पाहिजेत असं नाही. सक्तीचे सहा-सातच ठेवा: ओळखक्रमांक, शीर्षक, कर्ता, तारीख, भाषा, हक्क, मूळ वस्तू कुठे आहे. व्यक्ती आणि गावांच्या नावांची ठरलेली यादी आधी करा आणि शीटमध्ये निवडसूची द्या. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं तर शोधात तीन माणसं दिसतात.

मराठीत आणखी एक पेच आहे. "वऱ्हाड", "दुसऱ्या" यातला अर्धा र दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. आयातीच्या आधी एका छोट्या प्रोग्रॅमने सगळे एकाच क्रमावर आणावेत. नमुन्यातल्या १०० नोंदींवर हे तपासलं तर पाच मिनिटांत समजतं.

पाणंद

विद्यार्थ्यांच्या कामाबद्दल कुणी लिहील का? श्रेय, मानधन, आणि ते मध्येच सोडून गेले तर काय?

ओसरी

पाणंद, यावर लेखी नमुने उपलब्ध आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस शाखेत २०१५ मध्ये डिजिटल प्रकल्पांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्कांची एक सनद तयार झाली. यांत्रिक कामाला मोबदला मिळावा आणि विद्यार्थ्याचं नाव प्रकल्पावर असावं, हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रेय कशाचं हे नेमकं लिहायला क्रेडिट (CRediT) ही प्रत्येकाची भूमिका नोंदवणारी पद्धत घ्या. तिच्यात १४ भूमिका आहेत, डेटाची निगा, सॉफ्टवेअर, प्रकल्प व्यवस्थापन याही त्यात येतात, आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला. ज्याने ८०० नोंदी भरल्या त्याचं नाव "आणि इतर" मध्ये जाता कामा नये. कार्यालयाने फळ्यावरून दर सत्राच्या शेवटी यादी काढून ठेवावी, कारण तीन वर्षांनी ती आठवणीतून बनत नाही. सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) विद्यार्थ्यांनाही काढून द्या, फुकट असतो.

सोडून जाण्याबद्दल: विद्यार्थी जाणारच हे धरून चाला. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून कामाची पुस्तिका सुधारून घ्यायची. नव्या माणसाला खटकणाऱ्या जागा जुन्यांना दिसत नाहीत. पुस्तिका चार-पाच पानांची, पडद्याच्या चित्रांसह, एका नोंदीचा पूर्ण भरलेला नमुना आणि "अशा वेळी काय करायचं" याचे दहा-बारा निर्णय: तारीख वाचता येत नाही, पान फाटलंय, सही ओळखता येत नाही. शेवटच्या आठवड्यात नवीन काम देऊ नये, फक्त हातातली कार्डं बंद करणं आणि पुढच्याला सोबत घेऊन बसणं.

मुलाखती असतील तर संमतिपत्र रेकॉर्डिंगच्या आधी. त्यात संशोधनासाठी वापर, ऑनलाइन प्रसिद्धी आणि नाव दाखवणं या तिन्हींना वेगळी खूण हवी. एकच सही सगळ्याला घेतली तर पुढे मुलाखत देणाऱ्याला फक्त एक भाग मागे घेता येत नाही, आणि कार्यालयाला अख्खी मुलाखत साइटवरून काढावी लागते.

सहामाही

बैठकींबद्दल थोडक्यात. भागीदारीच्या प्रकल्पात पंधरवड्याला अर्धा तास, फळा समोर उघडून, आणि "अडलेलं" रकान्यापासून सुरुवात. इतिवृत्त म्हणून तीनच रकाने: ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत.

बदलाची मागणी तोंडी घेऊ नये. "एवढं एक नकाशाचं पान जोडा" ही मागणी दोन वाक्यांची असते, पण त्यासाठी प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश लागतात आणि ६,००० नोंदी परत उघडाव्या लागतात. कार्यालयाने दोन दिवसांत लेखी उत्तर द्यावं: इतके तास वाढतील, अमुक तारीख इतकी पुढे जाईल, किंवा त्या बदल्यात अमुक गोष्ट वगळावी लागेल. निर्णय प्रकल्पपत्रात ज्याचं नाव आहे त्यानेच घ्यायचा. नकाशाचं पान खरंच गरजेचं असू शकतं, त्याला सरळ नकार देणं हे कार्यालयाचं काम नाही. किंमत समोर ठेवणं हे आहे.

कुलूपकिल्ली

शेवट पहिल्या दिवशी ठरवायचा, यावर उंबरठा यांच्याशी पूर्ण सहमत. तांत्रिक बाजू मांडतो.

डोमेन शक्यतो विद्यापीठाच्याच नावाखाली घ्यावं. प्राध्यापकांनी स्वतःच्या कार्डावर घेतलेलं डोमेन नूतनीकरण चुकलं की सुटतं, आणि पुढे कुणीही ते विकत घेऊ शकतं. सगळी लॉगिनं कार्यालयाच्या सामायिक पासवर्ड तिजोरीत. ती एका माणसाच्या ईमेलवर नकोत, प्रकल्पाच्या सामायिक पत्त्यावर हवीत.

साइट उभी करायचे मंच (सॉफ्टवेअर) कार्यालयाने दोन-तीनच पुरवावेत. संस्थात्मक भांडारासाठी (विद्यापीठाचे लेख, प्रबंध, डेटा जपायची जागा) डीस्पेस, हे २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून आणलं. संग्रह आणि प्रदर्शनासाठी ओमेका, जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं. ब्लॉगवजा साइटसाठी वर्डप्रेस. तिन्हीत डेटाबेस आहे, म्हणजे तिन्हींना अपडेट लागतात. वर्डप्रेसमध्ये धोका बहुधा जोडलेल्या प्लगिनमधून (जादा सोय देणाऱ्या जोड-प्रोग्रॅममधून) येतो: ज्याने तो लिहिला त्याने सोडून दिला, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची नवी आवृत्ती आली, पान पांढरं झालं. म्हणून प्लगिन मोजके ठेवा आणि प्रत्येकाचं कारण लिहून ठेवा.

काम संपलेल्या प्रकल्पाची साइट स्थिर पानांत बदलणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या एंडिंग्ज प्रकल्पाने याची तत्त्वं नीट मांडली आहेत: एचटीएमएल, सीएसएस, थोडं जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर चालणारं काहीही नाही. अशा साइटला तोडून आत शिरण्यासारखं फारसं काही उरत नाही आणि ती कुठल्याही साध्या सर्व्हरवर चालते. शोध हवा असेल तर त्याची अनुक्रमणिका आधीच बनवून फाइलीत ठेवता येते. फॉर्म, प्रतिक्रिया, लॉगिन या सोयी मात्र सोडाव्या लागतात, म्हणून हे प्रकल्पपत्रातच लिहिलेलं बरं.

डेटा साइटपासून वेगळा जपायचा. सीएसव्ही किंवा एक्सएमएल, सोबत रकान्यांचा अर्थ सांगणारी साधी मजकूर फाइल, आणि परवाना. विद्यापीठाचं भांडार नसेल तर सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं झेनोडो हे भांडार आहे, २०१३ पासून चालू, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. मूळ टिफ इतक्यात मावणार नाहीत, पण नोंदी, लिप्यंतरं आणि कोड आरामात बसतात.

प्रसिद्धीआधी सुगम्यतेची (अपंग वाचकांनाही साइट वापरता येते का याची) तपासणी विसरू नका. डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांच्या एए पातळीला साध्या आकाराच्या मजकुरात आणि पार्श्वभूमीत उजळपणाचा किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने सगळी साइट फिरून बघा. ही तपासणी साचा बनतानाच केली तर एका जागी दुरुस्ती होते. शेवटी केली तर शेकडो प्रतिमांचं पर्यायी वर्णन लिहायला माणूस उरलेला नसतो.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. यातून कार्यालयासाठी काम लावता येईल असा नमुना तयार होतोय. दोन शंका उरल्या. वरिष्ठांना वार्षिक अहवालात काय दाखवायचं? आणि स्थिर साइट केल्यावर पत्ते बदलले तर जुन्या लेखांतले दुवे तुटतात, त्याचं काय?

उंबरठा

अहवालात किती बैठका झाल्या ते लिहून फार हाती लागत नाही. किती प्रकल्प ठरलेल्या तारखेच्या महिनाभरात संपले, किती प्रकल्पांचा डेटा भांडारात गेला, किती जण सल्ल्यानंतर प्रकल्प लहान करून पुढे गेले, आणि नकार दिलेले किती व का, हे लिहा. प्रत्येक पातळीला गेलेले तासही दाखवा. माणूसबळ वाढवून मागायला हाच कागद लागतो. त्यासाठी कार्यालयातल्या प्रत्येकाने आठवड्याच्या शेवटी प्रकल्पनिहाय तास शीटमध्ये भरायचे, अर्ध्या तासाच्या अचूकतेने, त्याहून बारीक नको.

कुलूपकिल्ली

दुव्यांबद्दल: बदल करण्याआधी जुन्या साइटवरच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढून घ्या, साइटमॅपवरून (साइटच्या पानांच्या यादीवरून) किंवा सर्व्हरच्या नोंदींतून. शक्य असेल तिथे स्थिर पानाला जुनाच पत्ता द्या. जमत नसेल तिथे शीटमध्ये दोन रकाने, जुना पत्ता आणि नवा पत्ता, आणि त्यावरून सर्व्हरवर ३०१ हा कायमचा वळसा लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जातो. प्रश्नचिन्ह असलेले पत्ते वेगळे काढा. ते स्थिर फाइलीच्या नावात उतरत नाहीत आणि साध्या वळशाच्या नियमातूनही निसटतात. त्यांना स्वतंत्र नियम लिहावा लागतो. शेवटी ती यादी दुवे तपासणाऱ्या एखाद्या साधनातून चालवा आणि ४०४ ("पान सापडलं नाही") शून्य झाल्यावरच जुना सर्व्हर बंद करायला सांगा. बंद केला तरी त्याची पूर्ण प्रत, डेटाबेससकट, आणखी एक सत्र ठेवा.